कोणता हात?

प्रिय चिमणे,

काल फोनवर तू तीनदा तेच विचारलंस आणि तिन्ही वेळा मी टाळलं. म्हणून हे पत्र. बाबांच्या हाती देते आहे, ते वाचणार नाहीत. पंचवीस वर्षांत त्यांनी माझं आलेलं पाकीट उघडलेलं नाही. फोनवर बोलले असते तर निम्मं गिळलं असतं, आणि तू लगेच ओळखलं असतंस.

परवा सकाळी नऊला तुझ्या हाताचं ऑपरेशन. सात वर्षं फ्रेमच्या दुकानात काच कापतेस, कधी ओरखडा उमटला नाही, आणि शेवटी काच निसटली ती गिऱ्हाइकाशी गप्पा मारताना. बोलघेवडेपणा बाबांकडून आलाय, माझ्यावर घालू नकोस. करंगळी आणि शेजारचं बोट वाकत नाही, कारण बोटं ओढणारे आतले दोर तुटलेत. ते नीट जुळले नाहीत तर काचेचा कोपरा पेलणारी पकड परत येणार नाही, हे सर्जनने तुला तोंडावर सांगितलं. भूल कोणती घ्यायची ते मात्र आईला विचार म्हणाला. शहाणा आहे.

तर ऐक. पूर्ण भुलीत तू झोपशील, श्वासासाठी घशात नळी जाईल, आणि जागी होशील तेव्हा सगळं आटोपलेलं असेल. ज्याला ऑपरेशनच्या खोलीतला आवाजही नकोसा वाटतो, त्याला हे बरं. पण घसा खवखवतो, मळमळतं, आणि शुद्ध येताच हात ठणकायला लागतो. तू तर घाटात दुसऱ्या वळणालाच खिडकीतून मान बाहेर काढायचीस. ओकाऱ्यांनी सगळं अंग गदागदा हललं की ताजे टाके आणि तू, दोघांचेही हाल. हातापुरत्या भुलीत मानेच्या खाली, गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळगीत सुई जाते. सोनोग्राफीच्या यंत्राच्या पडद्यावर नसा दिसतात, त्यांच्याभोवती औषध सोडायचं. वीसेक मिनिटांत हात दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा पडून राहतो. तू जागी असशील, हवं तर थोडी गुंगी देता येते. आठ-दहा तास दुखत नाही. क्वचित कुणाला काही दिवस मुंग्या येतात, त्याहून क्वचित नसेला इजा होते, आणि कधी भूल पुरेशी चढतच नाही, मग झोपवावंच लागतं. तुझ्यासाठी मी हातापुरतीच निवडेन. डॉक्टर म्हणून विचारलंस तर उत्तर एवढंच, आणि ते बरोबर आहे.

पण तू डॉक्टर म्हणून विचारलंच नाहीस. तू म्हणालीस, तूच सुई टोच, दुसऱ्या कुणाचा हात नको. मी म्हटलं, आपल्या माणसाला आपण भूल देत नाही, तसा रिवाज आहे. रिवाज आहेही. पण मी त्याच्याआड लपले, चिमणे.

तू नववीत असताना एके दिवशी मी घरी आले आणि सांडलेल्या शाईवरून तुला इतकं बोलले की तू दोन दिवस माझ्याशी अबोला धरलास. तुला वाटलं, शाईचं निमित्त. निमित्तच होतं. त्या सकाळी मनगट मोडलेल्या एका बाई आल्या होत्या, कचेरीत टंकलेखन करायच्या. उजवा हात. सर्जनने त्यावर शाईने बाण काढलेला होता. बाई थंडीने कुडकुडत होत्या, म्हणून मीच गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं, बाणासकट. यंत्र नेहमी ज्या बाजूला ठेवायचो तिथला प्लग सैल झालेला, म्हणून ते पलीकडे, त्यांच्या डाव्या अंगाला लावलं. सुई टोचण्यापूर्वी थांबून मोठ्याने विचारायचं असतं, कोणता हात? ते मी रोज विचारते. त्या दिवशी बाईंना धीर देता देता राहून गेलं. पडद्यावर नसा सुरेख दिसत होत्या. औषध सुरेख पसरलं. मग त्यांनी विचारलं, डॉक्टर, डावाच हात का जड होतोय?

आता दुसऱ्या बाजूलाही टोचलं असतं तर औषधाचं प्रमाण विषारी झालं असतं आणि छातीखालचा, श्वास ओढणारा पडदा दोन्हीकडून लुळा पडायची भीती. म्हणून पूर्ण भूल दिली. शस्त्रक्रिया छान झाली. जाग्या झाल्या तेव्हा मोडलेला हात ठणकत होता आणि धड असलेला हात मेल्यासारखा पडला होता. पाण्याचा पेला धरता येईना, नाक खाजवता येईना, संध्याकाळपर्यंत नवरा भरवत होता. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की औषध कधी कधी दुसऱ्या बाजूला उतरतं. उतरत नाही. कागदावर लिहिलं, भूल चढली नाही, सबब पूर्ण भूल. ऑपरेशनच्या खोलीतल्या सिस्टरने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि फाईल मिटली. दीड महिन्याने बाईंचं दोन्ही हातांनी टाइप केलेलं आभाराचं पत्र आलं. ते मी पूर्ण वाचू शकले नाही.

चूक कुणाकडूनही होते, असं मी शिकाऊ डॉक्टरांना सांगते. खोटं बोलणं मात्र माझ्याकडून झालं, आणि ते मी चांगलं शांत डोक्याने केलं. याची मला आजही लाज वाटते.

हे आजच का लिहिते, तर उद्या तुझ्यापुढे संमतीचा कागद येईल. त्यावर भूल देणाऱ्याचं नाव असतं आणि खाली, मला सगळं समजावून सांगितलं आहे, अशी ओळ. माझं नाव असेल तर ती ओळ खोटी ठरायला नको. एका बाईंच्या बाबतीत ती मी खोटी ठरवली आहे. माझ्याच हाताखाली तयार झालेला डॉक्टर उद्या दुपारी तुला फोन करेल. चांगला मुलगा आहे, माझ्यापेक्षा सावध. त्याला नाव सांग, त्याचं किंवा माझं, कारण सांगायची गरज नाही, मलाही नको. त्याचं सांगितलंस तर मी बाहेर बाकावर बसेन, इतर आया बसतात तशी. माझं सांगितलंस तर सुई उचलण्याआधी मी तुला विचारेन, आणि तू उत्तर देईपर्यंत माझा हात हलणार नाही.

तुझीच, हे वाचूनही तू ठेवलीस तर,
आई