काचेवरची तंबाखू

अण्णा,

परवा दापोडीच्या एका गल्लीत, एका अनोळखी माणसाच्या गाडीशेजारी मी उभी होते. बॉनेट उघडं, हात कोपरापर्यंत काळे. तेव्हा तुमची फार आठवण आली आणि थोडा रागही आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि जी खोड मी लहानपणापासून तुमच्या नावावर टाकून मोकळी झाले होते, ती माझ्याच अंगात मुक्कामाला आहे हे मला त्या गल्लीत कळलं.

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडं दिसलं की तुमचा पाय आपोआप स्कूटरच्या ब्रेकवर जायचा. कंपनीत तुम्ही टाइम ऑफिसात हजेऱ्या लावायचात, पाना कधी कंपनीच्या कामासाठी हातात धरला नव्हतात, पण मुंबई-पुणे रस्त्यावर बंद पडलेली प्रत्येक गाडी जणू तुमच्या भरवशावरच बंद पडलेली असायची. सांगवीच्या त्या लग्नाला जातानाचं आठवतंय? आई रेशमी साडीत, मी नव्या फ्रॉकमध्ये, आणि तुम्ही कुणाच्या तरी गाडीखाली पाय बाहेर काढून आडवे. अक्षता पडून पंगती उठल्यावर आपण पोहोचलो. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "त्या माणसाने तुम्हाला बोलावलं होतं का?" तुम्ही मोरीत उभे राहून तिच्या डब्यातली साखर तळहातावर घेऊन काळे डाग चोळत होतात. म्हणालात, "बोलवायला कशाला हवं? तो उभा होता ना." मग आई साखरेवरून बोलायला लागली, आणि लग्नाचा विषय मागे पडला.

मला तुमच्या सल्ल्यांचा भारी वैताग यायचा, कारण त्यातले निम्मे चुकीचे असायचे. समोरच्या गुरुजींची गाडी गरम होत होती तर तुम्ही त्यांना इंजिनातला थर्मोस्टॅटच काढून टाकायला लावलात. "ती झडप पाणी अडवते, तीच नको," असा तुमचा निकाल. गाडी गरम व्हायची थांबली ती इतकी, की हिवाळाभर तापेचना आणि पेट्रोल प्यायला लागली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, नवं नवं शहाणपण आलेलं. जेवताना तुम्हाला विचारलं, "कशावरून सांगितलंत?" तुमचं उत्तर नेहमीचं, "बघितलंय मी." कुठे, कधी, कुणाच्या गाडीचं, ते कधीच नाही. पण पुढच्या रविवारी तुम्ही नवा थर्मोस्टॅट आणलात, गुरुजींच्या दारात बसून बसवलात, आणि आपल्या स्वयंपाकघरात त्यांना चहा देताना म्हणालात, "चुकलं माझं, गुरुजी." चहात साखर किती घालू हे विचारावं इतक्या सहज म्हणालात. मला ते तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

आता मी चाकणला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. गाडीत जिथे जिथे रबर असतं, त्याचे तुकडे वेगवेगळ्या तेलांत बुडवून ठेवायचे आणि फुगतात का, भेगाळतात का ते बघायचं, यावर माझं पोट भरतं. फावल्या वेळात मी फोनवरच्या एका ग्रुपमध्ये असते. जुन्या गाड्यांची हौस असलेले लोक तिथे जमतात. कुणी आपल्या गाडीचं दुखणं सांगितलं की चहा उकळायच्या आत दहा जण औषध सांगतात. अण्णा, तुम्ही असतात तर तिथून उठलाच नसतात. सगळा ग्रुप तुमच्यासारख्यांनी भरलेला आहे, "बघितलंय मी" म्हणणाऱ्यांनी. फरक एवढाच, की तुम्ही गाडी सुरू होईपर्यंत तिथून हलत नसायचात. हे लोक सल्ला देतात आणि जेवायला जातात. ती गाडी पुढे सुरू झाली की पेटली, कुणाला पत्ता नसतो.

त्या ग्रुपमध्ये एक काका आहेत. कासारवाडीचे, जुन्या शेतकरी घरातले. शेतं गेली, त्यावर इमारती आल्या, आणि आता काकांच्या शेडमध्ये बैलांच्या जागी जुन्या गाड्या बांधलेल्या असतात. त्यांनी लिहिलं की खाली अंगठ्यांची रांग लागते. गणपतीच्या तोंडावर दापोडीच्या एका तरुणाने विचारलं, "रविवारी पहाटे आईवडील, बायको, मुलगी सगळ्यांना घेऊन घाटाखाली गावाला निघायचंय, ब्रेक ऑइल कमी दिसतंय, काय करू?" काकांनी लगेच लिहिलं, "पॉवर स्टीअरिंगचं टाक भावा. हायड्रॉलिक ते हायड्रॉलिक. आमच्या ट्रॅक्टरला कायम चालतंय." अंगठ्यांची रांग.

मी ते शनिवारी सकाळी वाचलं. हा माणूस म्हातारे आईवडील, बायको आणि मुलगी घेऊन घाट उतरणार होता. मी लिहिलं, "असं अजिबात करू नका," आणि खाली सगळी कारणं दिली. ब्रेकमधलं रबर कुठल्या जातीचं असतं, खनिज तेलात ते कसं फुगतं, मग ब्रेक कसे अडकतात आणि ऐन वेळी कसे दगा देतात. एक शब्द चुकीचा नव्हता. कुणीतरी लिहिलं, "मॅडम, लॅबमधून बाहेर या जरा." पुढे हसरे चेहरे. काका म्हणाले, "ताई, आमी काय आजपास्नं गाड्या बघत न्हाई." आणि तो तरुण म्हणाला, "मी कालच टाकलंय. मस्त चालतेय गाडी."

मी फोन ओट्यावर आपटला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. म्हटलं, मरो, मी सांगायचं ते सांगितलं. अण्णा, नेमकं तेव्हा तुमचं ते बोलणं आठवलं. मी नोकरीला लागल्यावर एकदा तुमच्या सगळ्या सल्ल्यांची चिरफाड केली होती. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुझं बरोबर असेल. पण रस्त्यात उभ्या माणसाला नुसतं नको नको सांगून तू निघून जातेस. मग तो माझ्यासारख्याचंच ऐकणार, कारण मी त्याला काहीतरी करायला तरी सांगतो." मला तेव्हा ते फार लागलं होतं. त्या सकाळी तव्यावरची पोळी करपेपर्यंत मी त्याचाच विचार करत राहिले. माझं बरोबर असणं त्या घाटात कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. मी गॅस बंद केला आणि त्या तरुणाला वेगळा मेसेज केला. ब्रेक दाबून पाय काढला की पॅडल लगेच वर येतं का? तो म्हणाला, "जरा सावकाश येतंय." मी लिहिलं, "पत्ता पाठवा. गाडी जागेवरून हलवू नका. मी येतेय."

गल्लीत गाडी उभी होती. टपावर मखराचं सामान बांधलेलं, मागच्या सीटवर त्याची मुलगी आत्तापासूनच जागा धरून बसलेली. त्याची आई दारातून विचारत होती, "ह्यो कोण मेकॅनिक?" मी त्याला ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडायला लावलं. झाकणाखाली रबराची एक पातळ चकती असते. ती बाहेर आली तीच पुरीसारखी टम्म फुगून. मी म्हटलं, "आता ही परत बसवून दाखवा." त्याने दाबून पाहिली, फिरवून पाहिली, बसेना. "असलंच रबर चारही चाकांपाशी आहे," मी म्हटलं. त्याने मागच्या सीटवरच्या मुलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण ताई, ग्रुपवर तर सगळे म्हणत होते." मला त्याच्यावर रागावता आलं नाही.

इतक्यात एक स्कूटर येऊन थांबली. स्वारी सत्तरीच्या आसपासची, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. तरुणाने त्यांनाही कळवलं होतं. "मीच त्यो ट्रॅक्टरवाला," म्हणाले. मी भांडायच्या तयारीतच होते. त्यांनी माझ्याकडे न बघता ती चकती हातात घेतली आणि झाकणात बसवायला लागले. नाही बसली. पुन्हा प्रयत्न केला. मग चकती तळहातावर तशीच ठेवून उभे राहिले.

"ट्रॅक्टरला चालतंय वो," हळू आवाजात म्हणाले.

"चालत असेल. काही ट्रॅक्टरच्या ब्रेकला तसलंच तेल असतं, त्यांचं रबरही वेगळं असतं."

"म्हंजे मी खोटं न्हाई बोललो."

"नाही, काका. पण ही गाडी आहे."

त्यांनी मान हलवली. खिशातून फोन काढला आणि तिथेच, आम्हा सगळ्यांसमोर, ग्रुपवर बोलून टाकलं, "मी काल ब्रेकचं सांगितलं ते चुकीचं हाय. कुणी टाकलं असंल तर गाडी हलवू नका. माझं चुकलं." मग तरुणाला म्हणाले, "गाडी उचलून न्या, आतलं समदं रबर बदला. तवर माझ्या पुतण्याची मोठी गाडी हाय, ती घिऊन जा, ड्रायव्हर बी देतो. गणपतीला घरी पोचला पायजे तुमी." गाडी उचलून नेणारी क्रेन येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मीही नाही. तरुणाच्या आईने आम्हाला चहा दिला. काकांनी हात धुवायला साखर मागितली, आणि मी दुसरीकडे बघायला लागले, कारण मला रडू येत होतं.

रविवारी संध्याकाळी मी फोन करून विचारलं. सगळे गावी पोहोचले होते, मुलगी आरतीला टाळ वाजवत होती. मागून तिचा आवाज येत होता. मी उगाचच जास्त वेळ बोलले.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही. ते माझ्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात राहील. तिथे तंबाखूची एक पुडी असते. पावसाळ्यात तुम्ही दिसेल त्या गाडीच्या काचेवर ओली तंबाखू चोळायचात, पाणी ठरत नाही म्हणून. "कशावरून?" "बघितलंय मी." मी दर पावसाळ्यात टपरीवरून पुडी घेते, टपरीवाला माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो, आणि मी घरी येऊन काच चोळते. दापोडीहून निघताना भुरभुर सुरू झाली होती, तेव्हा काकांची नजर माझ्या काचेवरच्या तपकिरी ओघळावर गेली.

"तंबाखू चोळलीया?"

"हो. वडील चोळायचे."

"म्या बी ऐकलंय. खरंच चालतं का वो? तुमाला म्हाईत असंल, तुमची लॅब हाय."

लॅबमध्ये एका दुपारचं काम आहे, अण्णा. काचेचे दोन तुकडे, थोडं पाणी. इतक्या वर्षांत ती दुपार मी काढलेली नाही, आणि काढणारही नाही.

"माहीत नाही, काका," मी म्हटलं आणि वायपर सुरू केले.