वरचा आणि आतला

प्रिय बाई,

पाहुणा गेल्याचं वहिनींनी तुला फोनवर सांगितलंच आहे, आणि तू रडलीस हे त्यांनी मला सांगितलं. पण गेला कसा ते त्यांनी सांगितलं नसणार, कारण सांगताना त्यांना मध्येच हसू येतं आणि मग त्या स्वतःवरच चिडतात. मंगळवारी सकाळी आठ वाजता तो खुर्चीवर बसून बूट घालत होता. एक घातला, दुसरा हातात घेतला आणि तसाच बसून राहिला. वहिनींना वाटलं, नवरा रुसलाय. आदल्या दिवशी त्यांनी त्याला न विचारता त्याचा जुना स्वेटर कुणाला तरी देऊन टाकला होता. म्हणून त्यांनीही चांगली दहा मिनिटं अबोला धरला. शेवटी "आता पुरे झालं हं, चहा गार होतोय," असं म्हणत त्या समोर आल्या, तेव्हा त्यांना कळलं. बासष्ट म्हणजे काही वय नाही गं. एकतीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं, आणि तोवर त्याने मला न सांगता साधी अर्ध्या दिवसाची रजासुद्धा घेतली नव्हती.

बुधवारी आमच्या लिफ्ट-तपासणीच्या ऑफिसात शोकसभा झाली. फोटो हवा म्हणून कुणीतरी त्याच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. तो पार नोकरीला लागला तेव्हाचा, भरघोस केसांचा आणि मिशी राखायचा प्रयत्न चाललेला. नव्या भरतीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, कुणी तरुण मुलगाच गेला. एकीने तर हळहळून "लग्न झालं होतं का हो?" असं विचारलं. मग साहेब बोलायला उभे राहिले. हे साहेब तू तिकडे राहायला गेल्यानंतर आलेत, वय चौतीस, लिफ्ट म्हणजे आत शिरून बटण दाबायची वस्तू एवढंच त्यांना ठाऊक. तीन महिन्यांसाठी कुणाच्या तरी बदली आला आणि एकतीस वर्षं राहिला म्हणून ह्याला सगळे पाहुणा म्हणायचे, एवढी एक गोष्ट त्यांनी बरोबर सांगितली. शेवटी म्हणाले, "त्यांची जागा कुणीही भरून काढू शकणार नाही." आणि तीन वाजता बघतो तर त्याची खुर्ची टपालाच्या टेबलाशी! आमच्याकडे सगळी चाकं फिरणारी तेवढी एकच खुर्ची आहे, हे मान्य. पण माणसाला जाऊन दोन दिवसही झाले नव्हते. मी ती ओढत परत आणली, वाटेत दोन टेबलांना धडकलो आणि तिच्यावर माझा डबा ठेवून दिला.

सभेनंतर जो तो माझ्या खांद्यावर हात ठेवून एकच विचारत होता, "मग, तुम्ही काय ठरवलंय?" जसा काही त्याच्या पाठोपाठ मी नंबर लावूनच उभा आहे. तू शाळेतून वेळेवर निवृत्त झालीस, आपण बांधलेलं ते दोन खोल्यांचं घर झाडूनपुसून तिथे राहायला गेलीस, आणि मी "सहा महिन्यांत आलोच" म्हणून तुला स्टँडवर पोचवून आलो. त्यानंतर सहा वेळा सहा महिने झाले. गणिताच्या बाईंना मी काय हिशेब सांगणार! पहिली दोन वर्षं तू दर फोनला "कधी येताय?" विचारायचीस आणि मी कातावायचो. गेल्या वर्षभरात तू ते विचारणंच सोडून दिलंस. विचारत होतीस तोवर मी बिनघोर होतो. आता मात्र धास्ती वाटते, की तू माझी वाट बघणं सोडून दिलंस.

मी का थांबलो ते तुला कधी नीट सांगितलं नाही. लिफ्ट तपासायला आमच्यात दोन माणसं लागतात, एक वरचा आणि एक आतला. वरचा इमारतीच्या माथ्यावर मशीनच्या खोलीत मोटर, ब्रेक, तारेचे दोर बघत आणि ऐकत उभा राहतो. आतला लिफ्टमध्ये उभा राहून तळापासून टोकापर्यंत खालीवर करतो, आणि दोघं इंटरकॉमवर बोलत राहतात. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय लिफ्टला दाखला नाही. खरं तर दर तपासणीला अदलाबदल करायची असा नियम आहे. पण सहा-सात वर्षांपूर्वी पाहुण्याचे गुडघे गेले. मशीनच्या खोलीत जायला शेवटी एक लोखंडी शिडी असते, तिच्या तिसऱ्या पायरीवर तो असा काही चेहरा करायचा की बघवत नसे. तेव्हापासून मी कायमचा वरचा झालो. त्याला कशाला लाजवा, म्हणून मी म्हणायचो की मला वरची हवा मानवते. तो म्हणायचा, मलाही आतच बरं, आरशात बघून केस विंचरता येतात. केस! डोक्यावर मोजून अकरा उरले होते.

आता मी सोडून गेलो असतो तर त्याच्या जोडीला नियमावर बोट ठेवणारा कुणीतरी आला असता, पाहुण्याला शिडी चढावी लागली असती आणि आठवड्याभरात तो घरी बसला असता. घरी बसून हा माणूस काय करणार? काम हाच त्याचा श्वास, अशी माझी पक्की समजूत. अठ्ठावन्न ओलांडलेल्या आम्हा लोकांना दर वर्षी एक पिवळा फॉर्म येतो. त्यात 'निवृत्त होणार' आणि 'थांबणार' असे दोन चौकोन, एकात खूण करायची. आम्ही समोरासमोर बसून तो भरायचो. तुझ्या वर्गात कॉपी करणारी पोरं मान न हलवता नुसते डोळे फिरवतात ना, तसा मी त्याच्या कागदाकडे बघायचो. तोही माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, माझं अक्षर न्याहाळतोय. पाच-पाच मिनिटं दोघांची पेनं हवेत! मग त्याचं पेन जरासं 'थांबणार'कडे झुकल्यासारखं दिसलं की मीही सुस्कारा टाकून तिथे खूण करायचो, आणि मनात म्हणायचो, झालं, ह्याच्यापायी आणखी एक वर्ष. तुला मात्र "ऑफिस सोडतच नाही गं" असं कळवायचो.

गुरुवारी साहेबांनी माझ्या जोडीला नवी इंजिनिअर मुलगी दिली. चुणचुणीत आहे, पण मोठ्यांसमोर जरा दबून असते. इमारत नऊ मजली. ती आत, मी वर. लिफ्ट चार वेळा वर आली, चार वेळा खाली गेली, मी हात पाठीमागे बांधून ऐकत उभा. इतकी शांत मोटर मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. पाहुणा असला की इंटरकॉमवर घसा फोडून सारखं काहीतरी काढायचा, "पाचव्या मजल्यावर बेअरिंग कण्हतंय, ऐकलंस ना?" मी म्हणायचो, "ऐकलं, ऐकलं, लिहून घेतोय." ही मुलगी अवाक्षर बोलली नाही. म्हणून मी वहीत लिहिलं, 'आवाज नाही. उत्तम.' खाली उतरून बघतो तर निम्मी इमारत जिन्यात जमलेली. चौथ्या मजल्यावरच्या एक आजी दोन्ही कानांवर उशी दाबून उभ्या होत्या. मुलगी पांढरीफटक. म्हणाली, "सर, ते किंचाळणं तुम्हाला वर कसं सहन झालं?" मी म्हणालो, "कोण किंचाळलं?"

ब्रेकची पट्टी झिजून लोखंडावर लोखंड घासत होतं. तिला वाटलं, सर मुरलेले आहेत, मुद्दाम पुन्हा पुन्हा ऐकून दोष पकडताहेत, आपण मध्ये कसं बोलायचं. आम्ही लिफ्ट तिथल्या तिथे बंद केली. आजींनी मला पाणी दिलं आणि काहीतरी विचारलं, त्यावर मी "हो, हो" म्हणालो, तर त्यांनी आणखी एक ग्लास आणून दिला. हसशील तू. पण बाई, ज्या लिफ्टमधून शंभर माणसं रोज जा-ये करतात तिच्या नावापुढे मी 'उत्तम' लिहिलं होतं. सही तेवढी राहिली होती.

शनिवारी वहिनींकडे गेलो. त्यांनी कपाटातून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. आत पाच पिवळे फॉर्म, पाच वर्षांचे, प्रत्येकावर 'निवृत्त होणार'पुढे शाईने ठसठशीत खूण, खाली त्याची सही. वहिनी म्हणाल्या, "शिपायाकडून एक फॉर्म जास्तीचा मागून आणायचे, घरी भरायचे आणि आज देतोच म्हणून खिशात घालून निघायचे. संध्याकाळी तोच खिशात घेऊन परत. विचारलं की म्हणायचे, तो थांबतोय गं. त्याला ऐकू येत नाही आणि ते त्याला ठाऊकच नाही. मी गेलो तर महिन्याभरात उघडं पडेल. आणि घरी बसून तो काय करणार? काम हाच त्याचा श्वास."

शब्दन् शब्द माझा! मी ह्याच्यासाठी थांबलोय, हा माझ्यासाठी थांबलाय, आणि दोघंही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटताहेत. इंटरकॉमवरचं ते "ऐकलंस ना?" म्हणजे तो मला रोज उत्तरं पुरवत होता. वहिनींना मी गुडघ्यांचं सांगितलं तेव्हा त्या हसायला लागल्या, मग मीही लागलो, आणि हसता हसताच त्यांचा बांध फुटला. त्याला पोहायला शिकायचं होतं म्हणे. पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. निळी चड्डी आणि रबराची टोपी आणून ठेवली होती, दोन्हींवर दुकानाची चिठ्ठी तशीच. अकरा केसांना टोपी हवी होती त्याला. मला त्याचा भयंकर राग आला, बाई, अजून येतोय. आणि त्याची आठवण तर दिवसभर येते.

दोन दिवस मी हेच घोकत होतो, की वहिनींची पाच वर्षं माझ्या कानांनी खाल्ली आणि तुझी तीन त्याच्या गुडघ्यांनी. म्हणायला सोयीचं आहे. पण माझ्यापुरतं ते खरं नाही. त्याचे गुडघे धड असते तर मी दुसरं काही निमित्त शोधलं असतं. ऑफिसात मी वरचा आहे, माझ्या सहीवाचून पाळणाघरापासून इस्पितळापर्यंत कुणाची लिफ्ट हलत नाही. तुझ्या घरी मी कोण? तू सकाळी मुलांच्या शिकवण्या घेतेस, दुपारी वाफ्यांना पाणी घालतेस, तुझा दिवस गच्च भरलेला. आणि दहा वाजता "आता काय करू?" म्हणून पायात पायात येणारा मी. मी तुला नकोसा होईन, ह्याला मी घाबरत होतो.

सोमवारी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते मोठे हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणाल्या. मी बटणावर अंगठा ठेवून सावध बसलो. तीन-चारदा काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं तेव्हा दाबलं, मला वाटलं ही नुसती चाचपणी; मग बराच वेळ झाला तरी खरं काही सुरू होईना, म्हणून काचेवर टकटक करून विचारलं, "करायची का सुरुवात?" त्या म्हणाल्या, "संपली." वीस आवाजांपैकी चार मी टिपले होते, आणि त्यातला एक म्हणे त्यांच्या खुर्चीचा होता. दोन्ही कानांना यंत्रं लागणार, ती पुढच्या महिन्यात मिळतील.

काल मी साहेबांना अर्ज दिला. पिवळ्या फॉर्मची वाट बघितली नाही, साध्या कागदावर लिहिला, आणि ह्या वेळी समोरच्या कागदात डोकावायची सोयच नव्हती. महिनाअखेर माझा शेवटचा दिवस. हे सगळं तुला फोनवर सांगता आलं असतं असं तू म्हणशील. पण फोनवर मी गेली दोन वर्षं अंदाजाने बोलतोय गं, आणि दोष देत होतो फोनला. पाहुणा गेला त्या संध्याकाळी तू बराच वेळ काहीतरी सांगत होतीस. फार मायेचं होतं, एवढं सुरावरून कळलं, बाकी काही नाही. त्याच्या आदल्या रविवारी तू काहीतरी सांगितलंस आणि मी "छान, छान" म्हणालो, तेव्हा तू एकदम गप्प झालीस. कुणी आजारी आहे का? असेल तर मला माफ कर. आणि शनिवारपासून एक विचार माझी पाठ सोडत नाहीये. "कधी येताय?" हे तू विचारायचं थांबवलंस, की मलाच ते ऐकू यायचं थांबलं? तू अजूनही दर रविवारी विचारत असशील आणि मी "छान, छान" म्हणत असेन, तर मी कुठे तोंड लपवू? म्हणून हे पत्र. मी यायला निघालोय, पण तुझ्या भरलेल्या दिवसात मला जागा आहे का ते तू सांगायचंस. फोन करू नकोस, बाई, लिहून कळव. फोनवर तू काहीही म्हणालीस तरी मला 'या' असंच ऐकू येईल.

पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच