टुटुलचं नाव वगळून

काटोया,
११ नोव्हेंबर १९८६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अंगणात भिंत घातल्यापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून हाकेच्या अंतरावरच्या माणसाला पत्र लिहायची वेळ आली. गेल्या आठवड्यात भाईफोटालाही, भाऊबीजेच्या टिळ्यालाही, आला नाहीस. दूरदेशी गेलेल्या भावासाठी लावतात तसा चंदनाचा टिळा मी भिंतीला लावला. भिंत तुझ्यापेक्षा बरी, निदान कपाळाला आठ्या घालत नाही.

असो. हे पत्र बहिणीचं नाही, आठवीच्या वर्गशिक्षिकेनं शाळेच्या सेक्रेटरीला लिहिलेलं आहे. डिसेंबरात मुलींना कलकत्त्याचं जादूघर, ते मोठं वस्तुसंग्रहालय, दाखवायचं आहे. पहाटेची हावड्याची गाडी, दुपारपर्यंत जादूघर, मग मैदानात बसून लुची आणि आलूर दम खायचा, आणि रात्री घरी. जादूघर म्हणजे तिथे चेटूक शिकवतात असं समजून बसलेल्या दोघींच्या आयांची समजूत मी घरी जाऊन काढली. मी फळ्यावर ममी काढते तेव्हा मुलींना ती केळीच्या पानात गुंडाळलेली हिलसा मासळी वाटते. त्यांना खरी दाखवायची आहे.

रेल्वेच्या सवलतीच्या अर्जावर तुझी सही लागते. तो अर्ज तू दोनदा कोरा परत पाठवलास. कारण लिही. लिहिता येतं तुला, बाबांनी शिकवलं आहे.

लोभ पूर्वी होता तेवढा तरी ठेवावा.
नीलिमा


काटोया,
१४ नोव्हेंबर

चि. नीलिमास,
अ. उ. आ.

कारण हवं ना, घे. मी कमिटीवर आहे तो सह्या वाटायला नाही. हाडं बघून मुली शहाण्या होत असत्या तर शाळा स्मशानाशेजारी काढली असती. कलकत्त्याची हौस तुला आहे आणि ती तू मुलींच्या नावावर भागवतेस. बाबांनी तुझे लाड केले, त्याची फळं आता आम्ही खायची.

आणि माझी मुलगी त्याच वर्गात आहे, हे अर्ज लिहिताना तुला आठवलं नाही? लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून टुटुल गाडीत चढणार. समोरची प्रत्येक बाई विचारणार की हे कधीपासून, आणि पुढे हिच्या लग्नाचं काय करणार. बाजारात मी हे रोज ऐकतो आणि घरी येऊन जेवू शकत नाही. तिकडे ते उंच जिने. बाकीच्या मुली धावत वर जातील आणि ही खाली उभी राहील. तिला एकटीला घरी ठेवलं तर रडून जीव काढेल. म्हणून कुणीच जायचं नाही.

अगदी अडूनच बसायचं असेल तर टुटुलचं नाव वगळून अर्ज पाठव, सही करतो.

तुझा हितचिंतक,
भवतोष


काटोया,
१७ नोव्हेंबर

ती. दादास,
नमस्कार. शिरसाष्टांग नाही, नुसता.

आपल्या लेकीकडे कुणी बघू नये म्हणून अख्ख्या वर्गाला घरी डांबणारा सेक्रेटरी मी आजच पाहिला. जादूघरात वस्तू काचेच्या कपाटात ठेवतात, तशी तू टुटुलला ठेवली आहेस. फरक एवढाच, की तिथे लोकांना बघायची परवानगी असते.

पाय लोखंडात आहे, डोकं नाही. वर्गात सगळ्यांत आधी तिचा हात वर जातो. जिन्यावर तिला कुणी धरायचं यावरून मुलींची आत्ताच भांडणं झाली आहेत. बौदी बिचारी तुझी बायको असून तुझ्यापुढे तोंड उघडत नाही, म्हणून मला उघडावं लागतं. तुला टुटुलची लाज वाटते, आणि त्या लाजेला तू काळजी म्हणतोस.

तिचं नाव मी वगळणार नाही. टुटुलशिवाय मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही, हे लिहून देते.

नीलिमा


काटोया,
१९ नोव्हेंबर

नीलिमास,

मग टाकू नकोस.

सही केलेला अर्ज सोबत आहे. टुटुलचं नाव मी माझ्या हाताने खोडलं आहे. आता सहल राहिली तर ती तुझ्या हट्टापायी राहिली, असं रविवारी पालकांच्या सभेत सांगणार आहे. लाजेचा शब्द तू काढलास, तो मी विसरणार नाही.

भवतोष


काटोया,
२१ डिसेंबर

ती. नीलिमापिशीस,
टुटुलचा नमस्कार.

तू गेलीस.

शाळेत आठवडाभर सहलीशिवाय दुसरा विषय नाही. ममी अगदी लहानशी होती म्हणे. येताना तू खिडकीकडे तोंड करून बसलीस, लुचीलाही हात लावला नाहीस, असं रूपाने मुद्दाम येऊन सांगितलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

माझ्याशिवाय पाऊल टाकणार नाही, असं तू बाबांना लिहिलं होतंस. तुम्हा दोघांची पत्रं इकडून तिकडे मीच नेते आणि वाचल्याशिवाय एकही पोचवलेलं नाही. बाबांचंही वाचलं, ते लग्नाचं वगैरे. पाय अधू म्हणजे पोरीला वाचताही येत नसेल, असं वाटलं का तुम्हाला?

जिना मला चढवत नाही, हे बाबांपेक्षा मला जास्त कळतं. खालच्या मजल्यावर जुन्या दगडी मूर्ती आहेत असं पुस्तकात आहे. बाकीच्या वर जाऊन ममी बघेपर्यंत मी खालीच थांबणार होते, कारण मला त्या मूर्तीच बघायच्या होत्या. गाडीतल्या बायकांना काय सांगायचं तेही ठरवलं होतं. सुंदरबनात वाघाने पाय धरला होता, असं सांगणार होते. पण तुम्हा दोघांपैकी एकानेही मला काही विचारलं नाही. पत्रं न्यायला मात्र दोघांनाही मीच सापडले.

आता नेणार नाही. हे शेवटचं, आणि हे माझं आहे. बाबांच्या उशीखालीही असंच एक ठेवलं आहे. यापुढे काय भांडायचं असेल ते समोरासमोर उभे राहून तोंडाने भांडा.

लोभ असावा, असं या वेळी लिहीत नाही.
टुटुल