पलंग कुठल्या भिंतीला

वसमत, १४ सप्टेंबर

प्रिय मिनाताई,

आधी जे घडलं ते क्रमानं लिहिते.

१. दोन तारखेला दाजींचा बाबांना फोन आला. तुला पाचवा महिना चालू आहे आणि तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.
२. तीन तारखेला सकाळी आईनं माळ्यावरची शेगडी उतरवली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली.
३. त्याच संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, मागच्या खोलीत एसी बसवायला किती दिवस लागतात.
४. आठ, नऊ आणि अकरा तारखेला तीन बसवणारे येऊन खोली बघून गेले.
५. यंत्र ठरलं. बसवणारा ठरला. भिंत ठरलेली नाही.

यंत्राचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. खोली दहा बाय अकरा, वर उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत दुपारी तापते ती जेवणं होईपर्यंत निवत नाही. कूलर मी यादीतून पहिल्यांदा काढला. त्याला खिडकी उघडी लागते, तो हवा ओली करतो, आणि जानेवारीत त्याचा काही उपयोग नाही. म्हणून मे महिन्यात गार आणि जानेवारीत गरम, अशी दोन्ही हवा देणारा एसी घ्यायचा ठरवला. दीड टनाचा. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्यामुळे सोबत स्टॅबिलायझर. मीटरचा भार वाढवून घ्यावा लागेल. तो अर्ज बाबांनी स्वतः लिहिला, ऑफिसात लिहायचे तशा अक्षरात, तीन प्रती काढून. निवृत्त झाल्यापासून त्यांना इतकं मन लावून काही करताना मी पाहिलं नव्हतं.

बसवणाऱ्यांपैकी पहिला नांदेडहून आला होता. उंबऱ्याच्या आत पाऊलही न टाकता, फोनमध्ये बघतच त्यानं सांगितलं की डोळे झाकून दीड टन घ्या. आकडा बरोबर होता, पण त्यानं तो मोजून काढला नव्हता. दुसरा आपल्याच रस्त्यावरचा. तो बाबांना म्हणाला, काका, गरम हवेचं मशीन वसमतला काहून पाहिजे, इथं काय बर्फ पडून राहिला का? बाबा त्याच्याबरोबर हसले आणि मग मध्येच थांबले. त्याला चहा देऊन पाठवलं.

तिसरा नेमसिंग, हिंगोलीचा. पन्नाशीचा असेल. टेप घेऊन आला, खोलीची लांबी, रुंदी, उंची घेतली, गच्चीवर जाऊन आला, अर्थिंगला दिवा लावून पाहिला. चार वाजता पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवून थोडा वेळ नुसता उभा राहिला. मी माझ्या कामात कुणाचं सहसा कौतुक करत नाही, पण याला मी मनातल्या मनात पास केलं. मग त्यानं विचारलं, "बाई, पलंग कुठं राहील ते सांगा आधी. वारं सरळ लेकराच्या अंगावर नाही पडलं पाहिजे."

मी त्याला लेकराबद्दल काही सांगितलं नव्हतं. बाबांनीही नाही. म्हणजे तो आला तेव्हा फाटकापाशी आईनं त्याला सांगितलं असणार. दुसरं बाळंतपण सासरी होतं, हे तिला माहीत आहे. तू सव्वादोन वर्षांत औंढ्याहून इथं एकदाही आली नाहीस, एसटीनं तासाभराची वाट असून, हेही माहीत आहे. तरी तिनं एका अनोळखी माणसाला सांगितलं. मी नेमसिंगला म्हणाले, ते अजून ठरलं नाही. त्यानं टेप गुंडाळली आणि म्हणाला, "बराबर विचारून सांगा. भिंतीला एकदा होल पाडलं की मग सरकवता येत नाही."

ताई, मी हळदीच्या गोदामात काय करते ते तुला ठाऊक आहे. दर दोन तासांनी तापमान आणि हवेतला ओलावा वहीत लिहिते. पारा ठरलेल्या रेषेच्या वर गेला तर मालकाला जेवणावरून उठवते. हळदीसाठी उठवते.

तुझ्या पहिल्या बाळंतपणाच्या त्या मे महिन्यात तापमापक माझ्या पिशवीतच असायचा. बाळाच्या आठव्या दिवशी, दुपारी तीन वाजता, मी तुझ्या खोलीत तो काढला. ३९.४. कूलर काढलेला होता, त्याच्या जागेत गोधडी कोंबलेली, आणि बाजेखाली शेगडी. मी आईला आकडा सांगितला, एकदाच. ती म्हणाली, बाळंतिणीला वारं बाधलं की जन्माची तकलीफ होते. मग मी गप्प बसले. आपण दोघी थंडीतल्या, तू पौषातली, मी मार्गशीर्षातली. आईनं आपल्या वेळी जे केलं तेच तुझ्या वेळी केलं, तितक्याच मायेनं. फक्त महिना वेगळा होता. एवढी साधी गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली, आणि कळल्यावरही मी तिला ती सांगितली नाही.

अकराव्या दिवशी तुम्ही बाळाला नांदेडला दवाखान्यात नेलं आणि रिकाम्या हातानं परत आलात. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. पाळणा बांधून झाला होता, तो मी सोडला. बाळाला नाव नव्हतं, म्हणून माझ्या मनात तो अजून नुसता 'बाळ' आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. नवव्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले होते. तू बाजेवरून मला हाक मारलीस. तुझे केस मानेला चिकटले होते. तू विचारलंस, "केतकी, तू शिकलेली आहेस. खिडकी उघडू का गं थोडी?" मी चपलेचा पट्टा लावत होते. मी म्हणाले, "आईला विचार." आणि गेले. मला उत्तर माहीत होतं, ताई. आकड्यासकट माहीत होतं. घरात वाद नको म्हणून मी ते दिलं नाही. हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. आई समजते, तू तिच्यामुळे येत नाहीस, आणि मी तिला तसंच समजू दिलं. आज सकाळी ती मेथी निवडत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. जुडी संपल्यावर म्हणाली, "मला काय सांगतेस. तिला लिही."

म्हणून लिहिते आहे. माफी मागितल्यानं काही मोजता येण्यासारखं बदलेल असं मला वाटत नाही, तरी मागते. तू इथं येणार असशील तर पलंग कुठल्या भिंतीला ठेवायचा ते कळव. येणार नसशील तर औंढ्याच्या तुझ्या खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि कुठल्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं ते लिहून पाठव. यंत्र तिकडे बसवू. नेमसिंग यायला तयार आहे. तुला नको असेल तर मी बरोबर येणार नाही. दोन्हींपैकी काहीही चालेल. तो सव्वीस तारखेला काम सुरू करणार आहे, तेव्हा चोवीस सप्टेंबरपर्यंत उत्तर पाठव.

तुझी धाकटी,
केतकी