घमेल्यातली राख

१२ जाने., सोम.
पत्र आलं. शेवटच्या पाचांत आहे. संशोधक विद्यार्थ्यांना रसायनशास्त्रातल्या नव्या कामासाठी देतात तो पुरस्कार. गोंदियातून कुणी या यादीपर्यंत गेल्याचं सरांना आठवत नाही. एकवीस वर्षं गाइड आहेत ते, आणि आज लहान पोरासारखे खुर्चीवरून दोनदा उठून बसले.
पत्राच्या शेवटी अट: ३१ पर्यंत नव्याने केलेला नमुना आणि सविस्तर कृती पाठवा, त्यांच्या प्रयोगशाळेत तपासणार. पाठवू की. भाताच्या तुसाची राख ती, त्यात अवघड काय.
केशोरीला आईला फोन. "मंग भेटलं म्हनावं का नाही?" म्हटलं, अजून नाही. तरी संध्याकाळपर्यंत विहारात सांगून आलीच.

१५, गुरु.
नवा तूस, कॉलेजचा नवा फर्नेस (विजेची भट्टी), आत ठेवायचं भांडं, क्रुसिबल, धुऊन घेतलेलं. सहाशे अंश, चार तास. राख पांढरीशुभ्र. निळ्या रंगाचं पाणी घेतलं, त्यात राख, वर पेरॉक्साइड. जुनी राख वीस मिनिटांत रंग उडवते, माझा सगळा पेपर त्यावर उभा आहे. ही तासभर झाली तरी निळं ते निळंच.
माझंच काही चुकलं असणार. उद्या परत.

१९, सोम.
तीनदा झालं. पेरॉक्साइडची बाटली बदलली. तूस सौंदडच्या त्याच गिरणीतून आणला. काही नाही. नेहा (माझी ज्युनिअर, मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते) म्हणाली, "दीदी, इस राख में दम नहीं है." बरणीतल्या जुन्या राखेची चिमूट टाकली की रंग लगेच उडायला लागतो. म्हणजे बाकी सगळं ठीक, राखच वेगळी.
निदान इथे तरी खरं लिहू. जुनी राख मी केलेलीच नाही. दोन वर्षांपूर्वी फर्नेस बंद होता, दुरुस्तीवाला येतो येतो म्हणत सहा महिने आला नाही. मी आईला पोतंभर तूस आणि एक मातीचं मडकं नेऊन दिलं, म्हटलं यात जाळून ठेव. सर म्हणाले, "कृतीत फर्नेस लिही. राख ती राख." लिहिलं. पेपरात आहे, पुरस्काराच्या अर्जातही आहे.

२४, शनि.
गावी. सौंदडला गाडी पाऊण तास उभी, पुढे अर्जुनीहून बस गेलेली. वैताग.
आई अंगणात तांदूळ पाखडत होती. चप्पल काढायच्या आधीच विचारलं, माझा तूस कशात जाळला होतास?
"घमेल्यात."
"मडकं दिलं होतं ना मी?"
"ते पयल्याच दिसी तडकलं. तुले घाई होती, म्हनून सांगतलं नाही. काऊन, काय झालं?"
काही नाही म्हटलं. लोखंडी घमेलं घरामागे उपडं पडलेलं. बुडाला गंजाचे पापुद्रे, बोट लावलं की निघतात. थोडे कागदात बांधून घेतले. आई सूप हातात धरून बघत राहिली.

२७, मंगळ.
दोन्ही राखा आम्लात विरघळवल्या, वर थायोसायनेटचे थेंब. लोखंड असलं की लाल होतं, बारावीची पोरंही करतात. नवी राख जेमतेम गुलाबी. जुनी इतकी लाल की नळीच्या पलीकडचं बोट दिसेना.
म्हणजे रंग राख उडवत नव्हती, घमेल्याचा गंज उडवत होता. लोखंड आणि पेरॉक्साइड ही जोडी पुस्तकांत कधीपासूनची आहे. आणि माझ्या पेपराचं नावच 'धातुविरहित' या शब्दाने सुरू होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर हसले असते.

२८, बुध.
सरांना सांगितलं.
"जुनी किती उरली?"
"चाळीस ग्रॅम."
"त्यांना दहा पुरे आहे."
"पण सर, ती नवी नाही. आणि लोखंड..."
"रंग उडवते ना? मग झालं. निवृत्तीला माझी दीड वर्षं राहिली, प्रज्ञा. या विभागाचं नाव एकदा तरी कुठे येऊ दे."
सर वाईट माणूस नाहीत. माझ्या पहिल्या मुलाखतीला नागपूरपर्यंत सोबत आले होते, बाहेर बाकावर चार तास बसले होते. म्हणूनच जास्त जड जातंय. दहा ग्रॅम तोलून बाटलीत भरले, लेबल लावलं. कुरिअरला दिलं नाही. का नाही दिलं ते...

३०, शुक्र.
परत घरी. फोनवर सांगता येईना. भीती होती की आई म्हणेल, माझ्या घमेल्याने पोरीचं वाटोळं केलं, आणि रडत बसेल. ती भाजी चिरत होती. गंज, लाल रंग, सगळं सांगितलं. घमेल्याचं तिला काहीच वाटलं नाही. "लोखंड हाय त हाय म्हनून लिही," एवढंच.
मग पेपरातली कृती मराठीत वाचून दाखवली. तूस विजेच्या भट्टीत जाळला, सहाशे अंश, चार तास.
विळीवरचा हात थांबला. "भट्टीत? कोनं?"
"मी. म्हणजे, तसं लिहिलंय."
"तीन दिस धुरात मी बसली. डोळे सुजले होते माहे. अन् तू लिवलं का मशीनीत जाळला?"
"सगळे असंच लिहितात गं, आई."
"सगळ्याईची राख मायनं जाळली का?"
मग, माझ्याकडे न बघता: "विहारात सांगून आली मी. पोरीच्या कामात माह्या हातची राख हाय म्हनून."
लाज वाटली, फार वाटली. लोखंड नकळत आलं होतं. हे मी स्वतः बसून टाइप केलं होतं. ताटं आज वेगवेगळ्या वेळी वाढली गेली.

३१, शनि.
सकाळी लवकर उठून मेल लिहिला. समितीला, सरांना प्रत. 'नमुना पाठवत नाही. पूर्वीची राख फर्नेसमध्ये केलेली नाही. माझ्या आईने, सुमन हिने, केशोरी येथे घरी लोखंडी घमेल्यात तीन दिवस तूस जाळून ती केली. त्या राखेत लोखंड आहे, त्यामुळे आमचा दावा चुकीचा ठरतो. कृती मी खोटी लिहिली.' सर काय म्हणाले होते ते लिहिलं नाही. त्यांचं त्यांनी ठरवावं.
आईला वाचून दाखवलं.
"खोटी कायले लिवतं? चूक झाली म्हन."
"चूक नव्हती, आई."
तिने चहा ठेवला. अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाली, पाठव. पाठवला, ८.१०.

४ फेब्रु., बुध.
समितीची एक ओळ: मेल मिळाला, विचाराधीन आहे. अंतिम नाव शुक्रवारी. पेपर मागे घ्यावा लागेल, पीएच.डी.चं काय होईल कुणी सांगत नाही. सर तीन दिवस विभागात आलेले नाहीत, फोन उचलत नाहीत. उद्या त्यांच्या घरी जाणार, दार उघडोत न उघडोत.
संध्याकाळी आईचा फोन. "विहारात इचारून राहिले, पोरीचं काय झालं म्हनून."
"मग काय सांगितलंस?"
"होतं ते सांगतलं." मग: "नाव कापलं त कापलं. पन मले सांगजो. लपवू नोको."
सांगेन म्हटलं. तिने लगेच फोन ठेवला नाही.