लाईन मारू दे ना बाई

माय, मी अमरावतीला कॉलेजात इंग्रजी शिकवते, हे पाहायला तू राहिली नाहीस. आज वर्गात विचारलं, ‘लाईन’ म्हणजे काय? रेघ, कवितेची ओळ, रेशनची रांग, रेल्वेचा रूळ, पोरं सांगत गेली. एक पोरगी म्हणाली, “मॅडम, लाईन गेली म्हंजे करंट गेला.” सगळे हसले आणि मी आपल्या हिवरखेडच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

मी अकोल्याहून सुट्टीला आलेली. बाबा जेवतायत, मी कणीक मळतेय, तू बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधतेयस. काकू दारातूनच ओरडत येते, “तुह्या पोरीवर तो मोटारी दुरुस्त करनारा पोट्टा लाईन मारून राहिला! कॉलेज बंद करा हिचं, अन् लगन उरकून टाका.” माझे हात कणकेतच थांबले. बाबांनी एकदा नाही म्हटलं की विषय संपायचा, आणि त्यांचा घासही हातातच थांबला होता. तू जुडीला गाठ मारलीस आणि वर न बघता म्हणालीस, “मारू दे ना बाई. आपल्या घरी तं दिवसभर लाईनच नसते.”

बाबांना हसता हसता ठसका लागला. शेवटी काकूही हसली. “हिले काहीच समजत नाही,” म्हणत निघून गेली. लग्नाचा विषय पुन्हा निघाला नाही. मलाही तेव्हा तुझी कीवच आली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीच्या खिडकीतून माझी पिशवी आत देताना तू हळूच म्हणालीस, “मले लाईन मारनं समजते बरं. सिनेमे म्याही पाह्यले.”

“मंग तशी काऊन बोलली?”

“समजलं म्हनलं असतं, तं तुह्या बाबाले काहीतरी करा लागलं असतं.” मग पदरानं तोंड पुसत विचारलंस, “तुले आवडते का तो?”

मी पटकन नाही म्हणाले. तू मान हलवलीस, गाडी सुटली. त्या गाडीनं मी पुढची सगळी वर्षं अकोल्याला जात राहिले, शिकले, इथवर आले. तू पुन्हा कधी ते विचारलं नाहीस.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून लिहून टाकते. आवडायचा गं, थोडासा.