मेहरूणच्या मैदानावर डावा कोपरा

तीर्थरूप पंडितनाना यांना मेहरूण, जळगावहून चुडामणचा नमस्कार. तुमची साखर आटोक्यात असेल, संध्याकाळचे फिरणे चालू असेल आणि बेबावहिनींची कंबर धुळ्याच्या थंडीत त्रास देत नसेल, असे धरून चालतो. आम्ही दोघे खुशाल आहोत. तुमची बहीण सुनंदा उजव्या हाताला चिकटपट्ट्या लावून स्वयंपाक करते आहे, पण त्यात काळजीचे काही नाही. उलट ती गाणे म्हणते आहे. पत्र लिहिण्याचे कारण तेच.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे आंतरराष्ट्रीय कबड्डी स्पर्धा झाली. पुरुषांचे सहा संघ, महिलांचे चार. स्वागत समितीने केनियाच्या महिला संघाची जबाबदारी माझ्यावर टाकली, कारण मी अठ्ठावीस वर्षे इंग्रजी शिकवले. (मी ते मराठीतून शिकवले, हे समितीला ठाऊक नव्हते आणि मीही बोललो नाही.) त्यांची कर्णधार मर्सी नावाची, माझ्यापेक्षा वीतभर उंच, पण स्वभावाने फार गोड. पहिल्या दिवशी मी तिला व्याकरणशुद्ध इंग्रजीत विचारले, प्रवास कसा झाला. ती हसली आणि सावकाश शब्द सुटे करून उत्तर देऊ लागली, तेव्हाच माझी परीक्षा झाली हे मी ओळखले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या शाळेच्या मैदानावर त्यांचा सरावाचा सामना ठेवला होता. समोर तुमच्या धुळ्याचा एक कॉलेज संघ यायचा होता. तो पारोळ्यापर्यंत आला आणि तिथे त्यांची गाडी बंद पडली. मॅट अंथरलेली, पंच शिट्टी गळ्यात घालून उभा, केनियाच्या मुली अंग मोकळे करून तयार, आणि समोर कोणीच नाही. मी फोनवर फोन करत होतो. तेवढ्यात तुमची बहीण सगळ्यांसाठी ताक घेऊन आली. तिने मॅटकडे पाहिले, मुलींकडे पाहिले आणि मला विचारले, किती जणी कमी आहेत? मी म्हणालो, सात. तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि स्वतःचा फोन काढला.

नाना, अर्ध्या तासात सात बायका जमल्या. बँकेतली संघमित्रा (ती विद्यापीठाकडून खेळलेली आहे, रजा टाकून आली), महापालिका शाळेतल्या मेघाबाई, आणि तलावावर रोज सकाळी हिच्याबरोबर चालायला येणाऱ्या चौघी. सातवी तुमची बहीण, माझी ट्रॅकपँट घालून. मी बाजूला घेऊन हळूच म्हणालो, अगं सत्तावन्न वय, गुडघे बघ. रागावली की ती अहिराणीत जाते, तुम्हाला माहीतच आहे. म्हणाली, "गुडघा मना शेतस, तुम्हना नही." मी ताकाची पिशवी घेऊन रेषेबाहेर बसलो.

पहिल्या दहा मिनिटांत अकरा-शून्य. मेघाबाईंचा चष्मा एकदा तिकडच्या अंगणात गेला, तो मर्सीने पुसून परत दिला. मग मर्सी स्वतः चढाईला आली. तुमची बहीण डाव्या कोपऱ्यात वाकून उभी होती, नुसती उभी, जणू काही पडलेले शोधते आहे. मर्सीने पाय पुढे टाकला आणि हिने दोन्ही हातांनी घोटा धरला. मर्सी आडवी झाली, वरून संघमित्रा आणि आणखी तिघी पडल्या. सगळ्यांच्या खाली तुमची बहीण दिसेना. मी पिशवी टाकून मॅटवर धावलो. (त्याबद्दल पंचाने समोरच्यांना एक गुण दिला. नियम तसाच आहे म्हणाला. मी वाद घातला नाही.) ढिगातून ती बाहेर आली, केस विस्कटलेले, हात खरचटलेला, आणि घोटा अजून सोडलेला नव्हता.

आम्ही चौतीस-नऊने हरलो. नऊपैकी पाच गुण हिचे. नंतर ताक पिताना मर्सीने मला विचारले, या बाई राज्याकडून कोणत्या वर्षी खेळल्या? मला भाषांतर करावे लागले. ही म्हणाली, खेळले नाही, निवड चाचणीचे पत्र आले होते. मर्सीने विचारले, मग? हिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. मी मर्सीला म्हणालो, लग्न होते. कोणाचे, तिने विचारले. मी म्हणालो, माझे.

नाना, ते पत्र तुम्ही मला दाखवले होते. अठ्ठ्याऐंशी साल, निवड चाचणी आणि लग्नाची तारीख एकाच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, तारीख हलवू का? आणि मी म्हणालो, मांडववाल्याला सांगून झालंय. तारीख तुम्ही हलवली नाही म्हणून इतकी वर्षे ती तुमच्यावर रुसून आहे असे मी समजत होतो आणि गप्प होतो. त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी तिला सगळे सांगून टाकले. ती म्हणाली, मला माहीत आहे, नानाने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. मग तिने रिक्षावाल्याला तलावाचे वळण दाखवले. वळणावर म्हणाली, आता सांगितलंत ना, बस झालं.

पुढचे चार दिवस ती केनियाच्या बाकामागे बसली, कारण मर्सीने समितीला तसे सांगितले. त्या पहिले दोन सामने हरल्या. तिसरा जिंकल्या, तोही शेवटच्या मिनिटाला, डाव्या कोपऱ्यातून घोटा धरून. (पुरुषांची अंतिम लढतही फार छान झाली म्हणतात. त्या वेळी मी घरी हिच्या गुडघ्यांसाठी बर्फ फोडत होतो.) जाताना मर्सीने तिला स्वतःची जर्सी दिली. ती हिला गुडघ्यापर्यंत येते. आज तीच घालून भांडी घासते आहे.

वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला,
चुडामण

ता. क. खरे काम राहिलेच. पुढच्या महिन्यात जामनेरला चाळिशीवरच्या महिलांचे सामने आहेत आणि आमच्या संघाला उजवा कोपरा नाही. बेबावहिनी शाळेत असताना उजव्या कोपऱ्यातच खेळायच्या, हे मला काल कळले. कमरेचे ध्यानात आहे, तरी आपण विचार करून परवानगी द्यावी.

ता. क. २. सुनंदाने पत्र वाचले. म्हणते, परवानगीचे वाक्य खोडा, वहिनी सकाळीच बसमध्ये बसल्या आहेत, एरंडोलहून फोन आला. तुम्ही देवळातून परतलात की टेबलावर चिठ्ठी दिसेल, म्हणून या पत्राचा फोटो काढून आत्ताच तुमच्या फोनवर पाठवतो. आता आपणही निघून यावे. सराव रोज दोन्ही वेळा आहे. मला वरण-भात जमतो, पोळ्या आपण बघाव्यात.